उभ्या माणसाची नाडी

कारखान्याच्या डॉक्टरनं बाबांच्या पोटावर पेनाचं टोपण टेकवलं आणि विचारलं, "हे घेऊन क्रेनवर चढतोस?" बाबा त्याच्याहून दहा वर्षांनी तरी मोठे होते.

वाळूजच्या रस्त्याला तेव्हा नवनव्या शेड उभ्या राहत होत्या. बाबांनी मोंढ्यात वीस वर्षं पोती वाहिली, तेव्हा अंगावर मांस नव्हतं. मग क्रेनच्या केबिनमध्ये रोज आठ तास बसायला लागले आणि तीन वर्षांत पोट आलं. ही तपासणी नोकरीत कायम होण्याआधीची होती. डॉक्टरनं अट घातली. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं पाहिजे आणि बसल्या जागी नाडी मिनिटाला शंभराच्या आत आली पाहिजे. नाहीतर क्रेनवरून खाली, म्हणजे गेटाच्या बाहेर.

सोबत त्यानं एक इंग्रजी कागद दिला. घरात कॉलेजात जाणारी मीच, म्हणून तो माझ्याकडं आला. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. मोर्च्याची, सभेची, निषेधाची पत्रकं आमच्या भिंतींना चिकटवलेली असायची. कागदावर लिहिलंय म्हणजे ते करायचं असतं, ही सवय मला तिथूनच लागली.

कागद सांगत होता: दोनशे वीसमधून वय वजा करा. उरेल तो तुमच्या हृदयाचा जास्तीत जास्त वेग. त्याच्या साठ ते सत्तर टक्क्यांत चाललात तर शरीर चरबी जाळतं. त्याहून जोरात पळालात तर साखर जास्त खर्ची पडते, दम लागतो आणि माणूस लवकर थांबतो. बाबा चव्वेचाळीसचे. म्हणजे पंधरा सेकंदांत सत्तावीस ते तीस ठोके.

पहिल्या दिवशी विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्यावर बाबा जीव खाऊन पळाले. मी मनगट धरलं तर चाळीस ठोके. ते कडेच्या दगडावर बसून ओकारी दाबत होते.

"बाबा, हळू. लई झालं."

"हळू चालून कुणाचं पोट गेलंय?"

"कागदात लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं पोतं उचललंय का कधी?"

घरी मायनं ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढं हळू चालायचं तर कुणाच्या वरातीत चाला. जेवण तरी मिळंल."

कागदात आणखी एक खूण होती. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. आता बाबा म्हणजे दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. पहाटे पाचला ते काय बोलणार? मीच म्हटलं, घोषणा द्या. त्या त्यांना पाठ होत्या. मग ते पावलाच्या ठेक्यावर हलक्या आवाजात म्हणायला लागले, "नामांतर झालंच पाहिजे." वाक्य एका दमात निघालं तर चाल बरोबर. मधेच तुटलं तर हळू करायचं. महिनाभरात पट्टा एक भोक आत गेला.

त्याच रस्त्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली माणसं फिरायला यायची. मोठ्यानं हसायची, एकमेकांना हाका मारायची, सरकारला शिव्या द्यायची. त्यांना कधी कुणी थांबवलं नाही.

आम्हाला थांबवलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं होतं, चौकाचौकांत बंदोबस्त होता. आम्ही नाडी मोजायला उभे राहिलो होतो, तेवढ्यात एक हवालदार सायकल टाकून आला.

"ए, कुठं चाललाय मोर्चा?"

"दोघांचा मोर्चा नसतो," मी म्हणाले.

"कॉलेजात दिसतीस. तोंडावरनं कळतंय."

बाबा म्हणाले, "साहेब, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. चरबी कमी करायला."

"चरबीला घोषणा लागते व्हय? कोणता डॉक्टर हाय तुझा? आम्हाला पण पत्ता दे की." आणि तो स्वतःच हसला. मग विचारलं, राहायला कुठं. बाबांनी वस्तीचं नाव सांगितलं. त्याला तेवढं पुरलं. "उभा राहा हितंच. हलायचं नाय."

आम्ही अर्धा तास उभे होतो. बूटवाले आम्हाला वळसा घालून गेले. माझी बोटं बाबांच्या मनगटावरच होती, आणि सवयीनं मी मोजत गेले. पंधरा सेकंदांत पस्तीस. दहा मिनिटांनी पुन्हा मोजले, चौतीस. बाबांनी पाऊलही उचललं नव्हतं. कागदावर टक्क्यांचे रकाने होते, वयाचे होते, पण हवालदारासमोर हात जोडून उभं राहण्याचा रकाना नव्हता. त्या ठोक्यांत गुंजभर चरबी जळत नव्हती, जळत होता तो माझा बाप. मला तेव्हा खेडोपाडी नामांतरासाठी मार खाल्लेली, घरं पेटलेली माणसं आठवली. त्यांची नाडी किती वर्षं अशी धावत होती, ते कोणत्या डॉक्टरनं मोजलं?

दुसऱ्या दिवसापासून बाबा चालताना पाढे म्हणायला लागले. बे एके बे. बे दुणे चार. मला त्याचा फार राग आला. चाल मात्र बरोबर पडत होती.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. फॉर्म इंग्रजीत म्हणून बाबांनी मला सोबत नेलं. वजन साडेसहा किलो उतरलं होतं. डॉक्टरनं तो आकडा फॉर्मवर लिहिला. मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. "एकशे सोळा. नाही चालणार."

"घरी बसल्यावर चौऱ्याहत्तर असते," मी म्हणाले.

"घरच्या नाडीवर क्रेन चालत नाही."

मी तोंड उघडणार, तर बाबाच बोलले. "साहेब, तुम्ही बाहेर जा, मग मोजायला लावा. तुमच्यासमोर ती अशीच पळणार."

"ही खोली माझी आहे," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

कोपऱ्यातली सिस्टर फॉर्म घेऊन उठली. तिनं बाबांना बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, भाजी काय आणली डब्यात ते विचारलं. दहा मिनिटांनी नाडी मोजली. शहात्तर. तिनं डॉक्टरचा आकडा खोडला, आपला लिहिला, आणि जेवणाच्या सुट्टीआधी फॉर्म गठ्ठ्यात सरकवला. डॉक्टरनं न वाचता सह्या ठोकल्या.

बाबा कायम झाले. ते पेढे घेऊन सिस्टरला भेटायला गेले. मी गेले नाही. ती भली बाई होती, पण ती त्या दिवशी रजेवर असती तर? माझ्या बापानं घाम गाळून मिळवलेली नोकरी एका बाईच्या दयेवर का टांगलेली असावी? मी डॉक्टरविरुद्ध मॅनेजरच्या नावानं अर्ज लिहिला. बाबांनी तो वाचला आणि फाडला.

"कायम झालोय. आता गप बस."

मी दुसरा लिहिला आणि त्यांना न दाखवता पोस्टात टाकला. उत्तर आलं नाही.