दगडाची गोटी शोधत कर्वेनगर ते धायरी

डोळे गेल्यापासून बाबा दवाखाना सोडून कुठेही बाहेर पडले नव्हते. फिरायला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काय बघायला?" शेवटी शुक्रवारी मी खराडीच्या ऑफिसात रजा टाकली आणि घरी जाहीर केलं, आपण गोट्या घ्यायला जाणार. लहानपणी अख्ख्या आळीच्या गोट्या जिंकलेला हा माणूस. "पस्तिशीच्या पोरीला गोट्या हव्यात," असं पुटपुटत का होईना, त्यांनी शर्ट बदलला.

कर्वेनगरहून बोहरी आळीला रिक्षा मीटरने आली, हे आधीच सांगते, कारण तुमचा विश्वास बसणार नाही. स्वतःची गाडी मुळीच नेऊ नका, पार्किंग शोधण्यातच सुट्टी संपेल. खेळण्यांच्या दुकानात बाबांनी काचेची गोटी गालाला लावली, दुसरीवर आपटली, कान दिला. घ्यायची असेल तरच हात लावा, असं दुकानदाराने सुनावलं.

"मी हातानेच बघतो," बाबा म्हणाले.

दुकानदाराने सगळी बरणीच पुढे सरकवली. आम्ही एक पिशवी घेतली, दोन चहांच्या पैशांत. पण बाबांचं समाधान होईना. काचेला वजन नाही म्हणे, खरी गोटी दगडाची.

आली का पंचाईत! मग मला धायरी आठवली. आमच्या ओट्याचा दगड तिथूनच आला होता. वाटेत सिंहगड रस्त्यावर मिसळ हाणली (तर्री वेगळी मागा), आणि गोट्यांच्या मोहिमेवर निघालेल्या आमचं आम्हालाच इतकं हसू आलं की शेजारचे वळून बघायला लागले.

दगड कापायच्या कारखान्यात मालकाचे वडील, तात्या, खाटेवर बसले होते. शेतात इमारती उभ्या राहिल्यापासून उरलेल्या तुकड्यांच्या गोट्या घासणं हा त्यांचा विरंगुळा. त्यांनी बाबांच्या तळहातावर संगमरवराची गोटी ठेवली. गार, जड, जराशी वेडीवाकडी. बाबांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या.

"खेळनार का?" तात्यांनी विचारलं.

"मला दिसत नाही."

"मलाबी लांबचं दिसत न्हाई. पोरगी वाजवंल की."

मी समोरच्या गोटीवर खडा वाजवायचा, बाबांनी त्या आवाजावर नेम धरायचा. नेमामागून नेम हुकले. बाबा हाताची भुकटी झटकायला लागले. आता हे उठले की पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, याची मला खात्रीच होती. पुढचा नेमही बोटभर चुकत होता, तशी मी पायाच्या अंगठ्याने समोरची गोटी हळूच आडवी सरकवली. टक्क!

"ही लागली नाही, लावली," बाबा म्हणाले. "आधी माती खरखरली."

"लबाड हाय तुमची पोरगी," तात्यांनी निकाल दिला.

लबाडीची शिक्षा जुनीच. गोटी कोपराने ढकलत खड्ड्यापर्यंत न्यायची. ऑफिसच्या चांगल्या पँटमध्ये मी दगडाच्या भुकटीतून रांगत निघाले आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग खडा वाजवायचं काम तात्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाबांचा नेम दोनदा लागला, अगदी खरा.

घरी आईने कोपरांना हळद लावत मला वेड्यात काढलं. पँट गेली ती गेलीच. सोमवारी ऑफिसला निघाले, तर बाबा दारात तयार, आणि शेजारी पर्स घेऊन आई, मला काही विचारू नकोस अशा चेहऱ्याने. धायरीला जायचंय, तात्या वाट बघत असतील. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा, मी नेते.

"तू नकोस," बाबा म्हणाले. "तू रडीचा डाव खेळतेस. रिक्षा तेवढी बोलावून दे."