टाचेखालची उशी

माझी मोठी बहीण शिंपीण. गळ्यात टेप नसली तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं. चाळीस वर्षं पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवले आणि उजव्या गुडघ्याची पार वाट लावून घेतली. शेवटी गुडघा बदलायचं ठरलं. सगळे म्हणाले, आता मशीनला मोटार लाव. ताई भडकलीच.

"मला पायडलच मारायचंय. नाहीतर नवा गुडघा काय शोभेला बसवू?"

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी बाईसाहेबांनी काय करावं? उशी शिवली! दुकानातलं कातरण ठासून भरलेली, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात बरोब्बर बसणारी. "गुडघ्याखाली ठेवली की बघ कसं सुख लागतं," म्हणाली. मीही मेली कौतुक करत बसले.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून तिला चालवलं. घरी आल्यावर मात्र ती उशी गुडघ्याखाली गेली ती निघेचना. गोळ्याही धड घेईना. "फारच दुखलं तर घेईन, उगाच सवय नको." मग व्यायाम करताना कळवळायची आणि निम्म्यातच सोडायची.

दहाव्या दिवशी दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी फिजिओ घरी आली. कोवळी पोरगी, पण आवाज हेडमास्तरांचा. तिने पांघरूण बाजूला केलं.

"ही उशी कुणी दिली?"

"मी शिवली," ताई ऐटीत म्हणाली.

"फार सुंदर आहे. काढा."

ताईचं तोंड बघण्यासारखं झालं.

"बरं वाटतं म्हणून गुडघा वाकवून ठेवलात, तर तो तसाच आखडतो," फिजिओ म्हणाली. "मग धड सरळ होत नाही, धड वाकत नाही. उशी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू दे. गोळी डॉक्टरांनी लिहिलीय तशीच, व्यायामाच्या आधी घ्या. सोसण्याचं बक्षीस कुणी देत नाही. पोटरी सुजून दुखली, जखमेतून पाणी आलं, तर वाट न बघता फोन करा. आणि सहा आठवड्यांनी गुडघा आखडलेला दिसला, तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. पायडलचं मग मी काही सांगू शकत नाही."

ती गेल्यावर ताई ढसाढसा रडली. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. स्वतःचा आणि त्या उशीचा. थोड्या वेळाने डोळे पुसून तिने फर्मान सोडलं, "कात्री आण. उसव ती."

निम्मं कातरण काढून तिने हातानेच उशी पुन्हा शिवली, टाचेच्या मापाची. गुडघा किती सरळ होतो ते फिजिओ अंशांत मोजायची, त्यावर तिचा विश्वास नव्हता. टेप माझ्या हातात देऊन म्हणाली, "गुडघा आणि गादीमधली फट मोज." पायाला उशी न लावता मोजली, दोन इंच भरली.

मग रोज तेच. गोळी, व्यायाम, गुडघा खाली दाबून दहा आकडे, बर्फ, टेप. दीड इंच. एक. अर्ध्या इंचावर गाडी अडली ती सहा दिवस. सातव्या दिवशी तिने टेप माझ्या अंगावर भिरकावली. मी तीच टेप तिच्या गळ्यात घातली आणि ओरडले, "दाब मुकाट्याने!" तिने दाबला.

सहा आठवडे झाले. दवाखान्यात डॉक्टर पायाला हात लावणार, तोच ताईने टेपचं टोक गुडघ्याखाली सारलं आणि गुडघा दाबला.

"ओढा, डॉक्टर."

त्यांनी ओढली. टेप हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना. दाराशी उभ्या फिजिओने शिट्टीच मारली. मग गुडघा वाकवून पाहिला, तोही काटकोनाच्या पुढे गेला. "भुलीची गरज नाही," डॉक्टर हसत म्हणाले. "मशीनवर बसा, पण सुरुवातीला दहा मिनिटंच."

घरी न जाता आम्ही थेट दुकानात. ताई मशीनवर बसली, दोन्ही पाय पायडलवर ठेवले, कापड सुईखाली घेतलं. पहिल्या फेऱ्याला ओठ दाबले, दुसऱ्याला सोडले. आणि मशीन धडधडायला लागली! मी तिथेच उभी राहून भोकाड पसरलं.

ताईने मान वर केली नाही. म्हणाली, "सरक तिकडे, उजेड अडवतेस."