डोळे शेवटी

“डोळे शेवटी,” असं म्हणून सर ब्रश कानावर अडकवायचे आणि चहा मागवायचे. समोरच्या चित्रात पटका, मिशा, कपाळावरची विभूती, सगळं जागच्या जागी असायचं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन कोरे पांढरे डाग. त्या चित्रासमोर बसून चहा प्यायचा मला कधी धीर झाला नाही. ते मात्र खुशाल बिस्किट बुडवून खायचे.

मुडबीच्या आमच्या मराठी शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. शाळेत चित्रकलेच्या तासाची काय किंमत असते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाचा धडा मागे राहिला की बळी जातो तो हाच तास. मीही त्यांचे पुष्कळ तास खाल्ले. “घ्या बाई, घ्या,” ते हसून म्हणायचे, “अपूर्णांक आधी. रंग कुठं पळून जायलेत?”

उरलेल्या तासांत मात्र त्यांनी पोरांना जग फिरवून आणलं. जुन्या मासिकांतली, कॅलेंडरांवरची मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी एक गठ्ठा केला होता. इम्प्रेशनिझम शिकवायचा झाला की वर्ग थेट कडब्याच्या गंजीपाशी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, शाळा सुटताना एकदा. “फ्रान्सातल्या एका दाढीवाल्यानं अशाच गंजी काढल्या. लई येळा काढल्या. कामून? गंज तीच, उजेड येगळा.” गंजीचा मालक काठी घेऊन धावून आला, तर त्यालाही उभं करून सावली जांभळी कशी दिसते ते दाखवलं. तो काठी बगलेत धरून बघत राहिला. क्युबिझमसाठी सरांनी स्टाफरूममधला माठ फोडला, सगळ्या बाजू एकदम दिसाव्यात म्हणून. मुख्याध्यापकांना तो विचार काही पटला नाही. आठवडाभर आम्ही घरून पाणी नेत होतो.

एकदा मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. सर एकेक पुठ्ठा उचलून दाखवत होते. “ह्या इटलीवाल्याची देवी बघा, परी बघा, राणी बघा. चेहरा एकच हाय.”

“कामून सर?” एका पोरीनं विचारलं.

“त्याला ती इसरायची नव्हती,” ते म्हणाले आणि गठ्ठा बांधायला लागले. मी ऐकलं आणि पुढची वही ओढली.

शाळा सुटल्यावर मागच्या खोलीत ते गेलेल्या माणसांची चित्रं काढत. आमच्याकडे भिंतीवर चौकट चढते ती गेलेल्या माणसाचीच. जित्याचं चित्र टांगलं की आयुष्य घटतं म्हणतात. लोक आधार कार्ड घेऊन यायचे. त्या फोटोत साधू माणूसही चोरासारखा दिसतो. “ह्यात डोळेच न्हाईत,” सर कुरकुरायचे, आणि डोळे आपल्या मनानं काढायचे.

निर्णा गावची एक म्हातारी नवऱ्याचं चित्र न्यायला आली, तेव्हा मी तिथंच होते. तिनं चित्र उजेडात धरलं. “मालकाच्या डोळ्यात ह्यो तांबडा ठिपका नव्हता की, सर.” डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाच्या बाजूला, खसखशीएवढा ठिपका होता खरा.

“होता अव्वा. तुमी नीट बघितलं नसंल.”

म्हातारी विचारात पडली. “असंल बाबा. चाळीस वर्सं पदराआडनं बघितलं. डोळ्याला डोळा कवा भिडवला?” आणि चित्र छातीशी धरून ती गेली.

मी पोट धरून हसले. पण महिनाभरात नणंदेच्या घरी, तिच्या सासूच्या चित्रात मला तोच ठिपका दिसला. मग पिठाच्या गिरणीत, गिरणीवाल्याच्या भावाच्या डोळ्यात. मग मी बघतच सुटले. कुणाकडे जेवायला बसावं, तर भिंतीवरून तेच डोळे. माणूस वेगळा, गाव वेगळं, डोळे तेच, काहीतरी विचारायच्या बेतात असलेले.

शेवटी मी सरांना विचारलं. त्यांनी ब्रश धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

“माझ्या लेकीचे हायत, बाई.”

सहा वर्षांची होती. आठवडी बाजाराच्या गर्दीत बापाचं बोट सुटलं. घरात तिचा एकच फोटो होता, तो शोधासाठी चौकीत दिला. फोटो परत आला नाही आणि तीही आली नाही. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, तेव्हापासून कुणाच्या दारी गेल्या नव्हत्या. त्यांचं एकच मागणं होतं: तिचं एक चित्र काढून द्या, मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय.

“मग द्या ना काढून!”

“काढलं की भिंतीवर जाणार. भिंतीवर कोण जातंय, तुमाला म्हाईत न्हाई व्हय? ती हरवलीया, बाई. गेली न्हाई.”

“आणि हे डोळे?”

“हाताला इसर पडू ने म्हणून.”

मला संताप आला. जिनं जन्म दिला तिला नाही म्हणता आणि परक्या मिशीवाल्यांना लेकीचे डोळे वाटत सुटता, असं मी तोंडावर बोलले. त्यांनी चहा मागवला. पण अक्कांना मीही काही सांगितलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत सर झोपेतच गेले. चित्र राहिलंच. भेटायला गेले तेव्हा अक्कांनी विचारलं, “बाई, लेकीचं कायबी काढून ठिवलं नसंल का हो त्यांनी? शाळंत कुठं?” मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. आत गेल्या, लुगडं बदललं आणि चपला घातल्या.

निर्ण्याच्या म्हातारीनं आम्हाला घरात घेतलं, गूळपाणी दिलं. मालकांचं चित्र उंचावर होतं. अक्का स्टुलावर चढल्या. त्यांनी एका तळहातानं पटका झाकला आणि दुसऱ्यानं मिशा. मधे दोन डोळेच तेवढे राहिले.

“हात भरून येतील, बाई. चित्र खाली काढून देऊ का?” म्हातारीनं विचारलं. अक्कांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी तोंड अगदी जवळ नेलं.

“काय म्हणायलीस गं?”