ताकदीची बाटली

काल मोठे दीर कंपाउंडरला घेऊन घरी आले आणि माझ्या खिडकीच्या खिळ्याला सलाइनची बाटली टांगली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. अजून राग उतरलेला नाही.

माझ्या पोटात कॅन्सरची गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी केमो दिली आणि तिच्यासोबत दुसरं एक औषध. आता जठराचा मोठा भाग काढलाय. वाटीभर पेज दोनदा करून पिते. ती दोन्ही औषधं या मंगळवारपासून पुन्हा घ्यायची आहेत, कारण डोळ्याला न दिसणारं काही मागे उरलेलं असू शकतं. दुसऱ्या औषधाचं डॉक्टरीणबाईंनी मला नीट सांगितलं होतं. आपल्या अंगातच रोगाशी लढायची ताकद असते, पण हा रोग तिच्यापासून तोंड लपवतो. औषध त्याला लपू देत नाही.

दिरांनी त्यातला 'ताकद' एवढाच शब्द उचलला.

"ताकदीची बाटली ना? ती तं बोईसरला मिलते. कंपनीतली पोरं चढवून घेतात," ते आमच्या ह्यांना म्हणाले. मी समोरच बसलेली, पण माझ्याशी ते थेट बोलत नाहीत. "गाठ काढली ना? मग मुंबईचे खेटे कशाला? तिला सांग, पडून राहा."

हे रात्रपाळी करून आलेले. "दादा बोलतात तं घे ना," म्हणाले.

सातपाटीची नणंद मला बघायला आली होती. ती म्हणाली, "दादा, तुमीच चढवून घ्या. परवा होडी लोटताना किती धापा टाकत होता!"

कंपाउंडरने माझा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून दिरांसमोर मी मान वर केली नव्हती. काल हात ओढून घेतला.

"हे मीठ-साखरेचं पाणी हाय. माझं औषध वेगलं. मंगलवारी मी मुंबईला जानार."

"बोलाया लागली की ही!" दीर ह्यांना म्हणाले.

"पोट कापलंय, जीभ नाय."

नणंद हसली. मला हसू आलं नाही. मी गप्प राहते म्हणून माझ्या जिवाचा निकालही यांनीच लावायचा? बाटली खिळ्यावरून काढून मी दिरांच्या हातात दिली. ह्यांना म्हटलं, तुम्ही येणार नसाल तर एकटी जाईन.

हे फोन घेऊन ओट्यावर गेले. "साहेब, मंगलवारी सुट्टी पायजे," एवढं मला आत ऐकू आलं.

एवढंच तर करायचं होतं.