शालीतला रिपोर्टर

आमच्या पेपरातले जुने लोक अजूनही कधीमधी नागपुरात बर्डीवर चहाला जमतात आणि को टिनचे किस्से निघतात. एक निघाला की मागोमाग दुसरा येतोच. सगळे पोट धरून हसतात. मी हसत नाही. मला तेव्हाही संताप आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

को टिन हा रंगूनचा पत्रकार. साठच्या दशकात तिथे लष्कराचं राज्य आलं, पेपर बंद झाले, याच्या मागे पोलीस लागले. नागपुरात लाखो लोक बौद्ध झाले एवढंच त्यानं ऐकलं होतं. तेवढ्या भरवशावर तो इथे उतरला. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. पेपरचं नाव घेत नाही, तो कधीच बुडाला. आमचं घर इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीत. आई म्हणाली, "बुद्धाच्या देशातून आला. आता कुठी जाईन तो? राहू दे आपल्या घरी."

* * *

दुसऱ्याच दिवशी दाराशी गर्दी. ब्रह्मदेशातून आला म्हणजे भंते, बौद्ध भिक्खूच असणार, असं वस्तीनं ठरवून टाकलं होतं. कुणी पाया पडतंय, कुणी लग्न लावायला बोलावतंय, कुणी बाळाचं नाव ठेवा म्हणतंय. को टिनला रंगूनच्या हिंदुस्थानी शेजाऱ्यांमुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं. तो हात जोडून म्हणाला, "हम भंते नहीं है. हम अखबारवाला है. पुलिस और कचहरी का रिपोर्टर."

एका म्हातारीनं जरा विचार केला. म्हणाली, "मंग माह्या पोराची केस पाहून दे गा बाबा. पोलिसायनं उगाच धरून नेलं त्याले."

हा लगेच पेन काढून तिच्यासमोर बसला. आल्यापासून त्याचा चेहरा पहिल्यांदा खुललेला मी तेव्हा पाहिला.

* * *

त्याला दुसरं काही नको होतं. रिपोर्टरचं काम हवं होतं. इंग्रजी तो झकास लिहायचा, म्हणून मी त्याला आमच्या ऑफिससमोरच्या इंग्रजी पेपरात नेलं. तिथले संपादक म्हणाले, "रंगूनचं आम्ही कुठे तपासणार? हिंदुस्थानात तुमच्या नावानं छापून आलेलं काही दाखवा, मग बोलू."

म्हणजे काम मिळण्याआधी केलेलं काम दाखवा! तरी को टिन शांतपणे मला म्हणाला, "एक दफा नाम छपना चाहिए. बस."

मग आमच्या साहेबांना, म्हणजे संपादकांना, साकडं घातलं. साहेब उठून उभे राहिले, त्याला मिठी मारली आणि म्हणाले, "यांचा सत्कार झालाच पाहिजे."

* * *

सत्कार झाला. मग दुसरा, मग तिसरा. ज्याला त्याला स्टेजवर परदेशातून हाकललेला पत्रकार हवा होता. शाल, नारळ, लोकशाहीवर तासभर भाषण. तो प्रत्येक वेळी पाहुण्यांच्या कानाशी लागून विचारायचा, "काम?" आणि पाहुणे प्रत्येक वेळी म्हणायचे, "पाहू ना, पाहू." लाज कशी वाटत नाही या लोकांना?

आईनं शाली दोन-दोन जोडून गोधड्या शिवायला घेतल्या. म्हणाली, "तुमच्या पेपरवाल्यायले काम द्याले काय होते? नारळाची चटणी वाटून वाटून हात दुखून राहिले माहे."

* * *

शेवटी साहेबांनी काम दिलं. काय दिलं? राशिभविष्य! आमचे ज्योतिषी भांडून निघून गेले होते आणि साहेबांच्या मते पूर्वेकडच्या माणसाला गूढ विद्या येतेच. को टिननं हिंदीत सांगायचं, मी मराठीत उतरवायचं. खाली नाव 'ब्रह्मदेशी ज्योतिषी'.

मी साहेबांशी भांडायला निघालो. को टिन म्हणाला, "सायकल निकालो." आम्ही पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो, मग एसटी स्टँडवर. रविवारी छापून आलं, "वृश्चिक: गुरुवारी इतवारी भागात नळाची वाट पाहू नये. मीन: सावनेरला जाणाऱ्यांनी दुपारची गाडी टाळावी, पुलाचं काम सुरू आहे."

सगळं खरं ठरलं. ठरणारच, विचारून लिहिलं होतं! पण शहरभर बोभाटा झाला, काय दिव्यदृष्टी आहे म्हणून. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून आपला तळहात पुढे केला. म्हणाले, "आमचंही बघा जरा."

को टिननं हात उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला. "उँगली पर स्याही नहीं है," तो म्हणाला.

* * *

त्याच सुमारास विणकरांचे माग बंद पडले. सरकारी कोट्याचं सूतच येत नाही, असं त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष सांगत होते. हे अध्यक्ष म्हणजे आमच्या साहेबांचे जिगरी दोस्त, को टिनच्या दोन सत्कारांना स्टेजवर. को टिननं रंगूनमध्ये तांदळाचा काळाबाजार उघड केला होता. तो मला म्हणाला की माल लपवणारे सगळीकडे सारखेच, आधी नातेवाइकांची गोदामं बघायची. अध्यक्षांच्या मेहुण्याचं गोदाम सुतानं भरलेलं निघालं. आम्ही दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

बातमी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी चहा मागवला आणि बातमी फाडली. "तुम्ही पाहुणे आहात," ते म्हणाले. "पाहुण्यानं घरातली झाकणं उघडू नयेत."

को टिन म्हणाला, "रंगून में भी फाड़ा था. लेकिन वहाँ चाय नहीं पिलाया."

त्या रविवारी भविष्य आलं, "वृषभ: ज्यांचे माग बंद आहेत त्यांना सूत मिळण्याचा योग. सोमवारी सकाळी इतवारीत अध्यक्षांच्या मेहुण्याचं गोदाम पाहावं. बाकी अकरा राशी: वरीलप्रमाणे."

प्रूफ मीच वाचलं होतं. एक काना बदलला नाही.

* * *

सोमवारी बाराही राशी गोदामाशी उभ्या होत्या. पोलिसांना कुलूप उघडावंच लागलं. मंगळवारी आमच्या पेपरात पहिल्या पानावर चौकट आली, "को टिन या इसमाचा आमच्या दैनिकाशी काहीही संबंध राहिलेला नाही. त्याच्या लिखाणास आम्ही जबाबदार नाही." वर फोटो. फोटोही सत्कारातला, गळ्यात शाल.

संध्याकाळी समोरच्या इंग्रजी पेपरचे संपादक तो अंक घेऊन आमच्या दारात आले. आई दारातच गोधडी शिवत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"शाल आणली असंन तर वापस न्या," ती म्हणाली. "गोधड्या पुरे झाल्या."

"शाल नाही आणली," ते म्हणाले. "त्यांनी लिहिल्याचा पुरावा छापून आलाय. उद्यापासून ते कामावर येतील का, विचारायला आलो."

आईनं सुई टोचून ठेवली.

"अन् नाव? त्याचं नाव छापून येईन का?"