शेजारणीच्या नशिबातली लॉरी

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्समध्ये त्या वर्षी दोन पाय मोडले. एक माझ्या नवऱ्याचा, दुसरा समोरच्या तमिळ बाईच्या नवऱ्याचा. दोघे एकाच कारखान्यात, दोघेही सायकलवर. त्याला लॉरीनं उडवलं, ह्यांना फियाटनं. लॉरीपेक्षा फियाट परवडली, असं तेव्हा मला वाटलं होतं. काय ती माझी अक्कल!

लॉरीवाला पळून गेला. फियाटवाला मात्र उतरला, ह्यांना उचलून दवाखान्यात घेऊन आला आणि मला पाहताच चक्क मराठीत बोलला. तंजावरकडचं, बखरीतलं वाटावं असं मराठी, वर तमिळ हेल. मद्रासला आल्यापासून भाजीवालीशी हातवारे करून दमलेली मी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"तुम्ही आमचे मनुष्य. पोलीस वेंडाम, नको हो. मी आहें ना, सगळें पाहतों."

आपल्या माणसावर कसली फिर्याद करायची? आम्ही पोलिसांचं नावही काढलं नाही. तो मोसंबी घेऊन यायचा, ह्यांच्याशी गप्पा मारायचा. समोरच्या बाईकडे फळं घेऊन कोण येणार? ती बिचारी भावाला घेऊन पोलीस ठाण्यात खेटे घालत होती. शेवटी लॉरी सापडली, आणि लॉरीला विमा होता. तोसुद्धा कायद्यानं काढावाच लागतो तेवढाच. लॉरीचा पत्रा चेपला तर दमडी मिळणार नाही, पण धडक बसलेल्या माणसाला भरपाई मिळते.

दोघांच्याही गुडघ्यांचं पुन्हा ऑपरेशन करायला हवं होतं, तेही शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे. फियाटवाला तोवर यायचा थांबला होता. मी मैलापूरला त्याचं घर शोधून काढलं. दारात फियाट उभी, काचेवर चंदन-कुंकू, पुढे लिंबू टांगलेलं. त्यानं आग्रहानं कॉफी पाजली आणि मग हात जोडले. विमा मागच्या वर्षीच संपला होता, भरायचा राहून गेला. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गाडीपुढे कोहळा फोडायला बरा विसरला नाही मेला! समोरच्या बाईच्या वकिलाकडे गेले, तर तो म्हणाला, "फिर्याद कुठाय? आणि विमा तरी कुठाय?"

तिचा खटला रेंगाळला, पण पैसे आले. ऑपरेशन झालं. तिचा नवरा पुन्हा सायकलवर टांग टाकून आपल्या मशीनवर जाऊ लागला. ह्यांना कारखान्यानं मशीनवरून उठवून गेटवर पास तपासायला बसवलं. तिनं देवळात नवस फेडला आणि मला वाटीभर गोड पोंगल, त्यांचा गूळभात, आणून दिला. "अक्का, देवानं पाहिलं बघा आमच्याकडे," म्हणाली. मी हसून वाटी घेतली आणि ती गेल्यावर तशीच झाकून ठेवली. बायका शेजारणीच्या फ्रिजवर जळतात, पाटल्यांवर जळतात. मी तिच्या नवऱ्याला उडवणाऱ्या लॉरीवर जळत होते. अजूनही जळते, खोटं कशाला बोलू?

एका संध्याकाळी तिचा नवरा शीळ घालत जिना चढताना ऐकला आणि मला राहवेना. हे खिडकीशी बसले होते, न वाकणारा पाय स्टुलावर ठेवून. "तुम्हालाही लॉरीनंच उडवायला हवं होतं," मी म्हणाले.

वाटलं, आता चिडतील.

"माझ्याही मनात रोज तेच येतं," हे म्हणाले.