पडद्यावर न दिसलेली दोन बोटं

फेब्रुवारी १९२९, जळगाव, सकाळची वेळ. हजर: आमचे डॉक्टर, मी – त्यांची नर्स यमुना –, बाहेर अंगणात इंजिनवाले नाना, आणि धरणगावच्या गंगूअक्का, दोन्ही गुडघे सुजलेले.

हजेरी आधी दिली, कारण मी तशीच बाई आहे. आमच्या दवाखान्यात कुठली वस्तू कुठे आहे, हे मी झोपेतही सांगेन. भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी कधी दारात उभं केलं नाही. तरी हे लिहिते आहे, कारण त्या खोलीत आम्ही तिघं होतो, आणि तिघांनीही पाहिलं.

डॉक्टर सांध्यांच्या दुखण्यावर संशोधन करत होते. जिनिंगच्या कारखान्यात दिवसभर उकिडवं बसून कापूस निवडणाऱ्या बायकांचे गुडघे आतून कसे झिजतात, ते त्यांना एक्स-रेवर पाहायचं होतं. बायका यंत्राला फार भीत. म्हणून डॉक्टरांची एक पद्धत होती – खोलीत अंधार करायचा आणि आधी स्वतःचा उजवा हात पडद्यामागे धरायचा. हिरवट उजेडात हाडं दिसत. "पाहा, मला काही झालं का?" मग बाई हसे आणि गुडघा पुढे करी.

किरण अडवणारे शिशाचे हातमोजे होते. पण ते घातले तर हाडं कशी दिसणार? ते खुंटीवरच राहत. हाताची कातडी तडकली होती, नखं फुटली होती. मी बोलले की म्हणत, "यमुनाबाई, व्हॅसलीन लावतो की."

त्या दिवशी अक्का दारातच अडून बसल्या. "माले भेव लागस."

"अक्का, डॉक्टर गुडघा काढून घेत नाहीत, नुसता बघतात," नाना अंगणातून म्हणाले. "काढून घेत असते, तर मी माझाच दुखरा आधी दिला असता."

अक्का हसल्या, आत आल्या. नानांनी विजेचं इंजिन चालू केलं. डॉक्टरांनी हात पडद्यामागे धरला.

अक्का म्हणाल्या, "डाक्टरभाऊ, तुमना दोन बोटे कोठे गयात?"

अंगठा होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट होतं. अंगठ्याशेजारची दोन नव्हती. तळव्याशी हाडं संपली होती – गुळगुळीत, भरलेल्या जखमेसारखी.

मी अंधारात पडद्यामागे हात घातला आणि त्यांची बोटं चाचपली. दोन्ही होती. गरम होती. माझ्या मुठीत ती हलत होती, आणि पडद्यावर माझ्या बोटांची हाडं रिकाम्या जागेभोवती मिटलेली दिसत होती...

डॉक्टरांनी डावा हात धरला – पूर्ण. पुन्हा उजवा – तीच दोन नाहीत. मग त्याच हाताचा फोटो काचेवर काढला. धुतल्यावर पाहिलं, तर पाचही बोटं स्वच्छ.

"पडदा जुना झालाय," डॉक्टर म्हणाले.

"मग माझी बोटं कशी दिसली?"

अक्का गुडघा न दाखवताच गेल्या. मी डॉक्टरांना म्हटलं, आता हात दाखवणं बंद करा, किल्ली दाखवा, घड्याळ दाखवा. ते म्हणाले, "किल्लीने कोण धीर धरतं?" आणि पद्धत तशीच चालू राहिली.

काही वर्षांनी त्या हातावर जखम झाली, ती भरेना. मुंबईला ऑपरेशन झालं. परत आल्यावर पहिली पट्टी मीच सोडली. कुठली दोन बोटं गेली होती, ते सांगायला नको.

पडदा बिघडला होता म्हणावं, तर बोटं निवडून कसा बिघडला? किरणांचा परिणाम म्हणावं, तर तो आधीच कसा दिसला? मी डॉक्टरांना विचारलं, इतरांनाही विचारलं.

आता डॉक्टरांच्या त्याच हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला खाज सुटली आहे. गेल्या महिन्यात मुंबईहून खिळे ठोकलेल्या खोक्यात नवा पडदा आला. डॉक्टर रोज विचारतात, "खोकं उघडलंत का? एकदा बघून ठेवू, किती बोटं राहणार ते."

मी सांगते, हातोडी सापडत नाही.